परंपरेचे पाईक आणि वादाची मर्यादा

राजकारणातील परंपरावादी मनुष्य कोणता, हे आपण सामान्यतः त्याच्या मतांवरून ठरवितो. जुने ते एकदम मोडू नये, समाज हे एका रात्रीत उभारलेले घर नव्हे, पूर्वजांनी घालून दिलेल्या रीतींत काही शहाणपण साठलेले असते, अशी त्याची श्रद्धा असते. या श्रद्धेत गैर असे काही नाही. लोकशाहीत वेग वाढविणारे जसे लागतात, तसेच वेगाला लगाम घालणारेही लागतात. परंतु या मताला एक अट आपोआप चिकटलेली आहे आणि तिचा विसर आज सर्वत्र पडत चालला आहे. जो मनुष्य आचाराला, मर्यादेला आणि वडिलधाऱ्यांच्या शिस्तीला समाजाचा आधार मानतो, त्याची पहिली परीक्षा त्याच्या स्वतःच्या वागण्यात आणि बोलण्यातच होते. क्रांतिकारकाने सभेत आवाज चढविला तर तो निदान आपल्या मताशी विसंगत वागत नाही; जुने संकेत मोडावयाचे असेच त्याने जाहीर केलेले असते. मर्यादेचा पुरस्कर्ता मर्यादा मोडतो तेव्हा मात्र प्रतिपक्षाचे नुकसान होण्याआधी त्याचे स्वतःचे तत्त्वज्ञान उघडे पडते.

ही परीक्षा पाहावयाची तर भोपाळसारखे शहर दुसरे नाही. मध्य प्रदेशाच्या या राजधानीत जनसंघ आणि त्यानंतर भारतीय जनता पक्ष यांच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, आणि त्या वाढविणाऱ्यांत मराठी घरांतील माणसांचा वाटा मोठा होता. कोकण-गोमंतकातील वाचकाला ते शहर दूरचे वाटेल. परंतु नाती तुटलेली नाहीत. भोपाळचे नवे विधानभवन बांधणारे चार्ल्स कोरिया हे गोमंतकीय वंशाचे. पणजीची कला अकादमी त्यांचीच. इंदूरच्या मतदारांनी १९८९ पासून आठ वेळा लोकसभेत पाठविलेल्या आणि २०१४ ते २०१९ या काळात लोकसभेचे अध्यक्षपद भूषविलेल्या सुमित्राताई महाजन या मूळच्या चिपळूणच्या. तेव्हा तेथे जे घडते ते आपल्याच विस्तारलेल्या अंगणात घडते, असे मानावयास हरकत नाही.

कार्यालयात राहणारा माणूस

भोपाळच्या जुन्या मिंटो हॉलमध्ये १९५६ पासून चार दशके विधानसभा भरत असे. २०२१ साली त्या वास्तूला कुशाभाऊ ठाकरे यांचे नाव देण्यात आले. कुशाभाऊंचा जन्म १९२२ साली धार येथे मराठी कुटुंबात झाला. १९४२ मध्ये ते संघाचे प्रचारक झाले, आणि पुढे मध्य प्रदेशात जनसंघाची जी बांधणी झाली ती मुख्यतः त्यांच्या पायपिटीने झाली. आणीबाणीत त्यांना तुरुंगवास घडला. १९७९ च्या पोटनिवडणुकीत ते खंडव्यातून लोकसभेवर गेले आणि १९९८ ते २००० या काळात पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले. या सर्व प्रवासात त्यांनी लग्न केले नाही, घर बांधले नाही, पक्षाच्या कार्यालयातच ते राहिले. २००३ च्या डिसेंबरात ते गेले तेव्हा त्यांच्या मागे इस्टेट म्हणण्यासारखे काही नव्हते. त्यांच्या विचारांशी ज्यांचे आयुष्यभर पटले नाही, त्यांनीही त्यांच्या निःस्पृहतेविषयी कधी शंका घेतली नाही.

त्यांच्याच परंपरेतले कैलाश जोशी. बागली मतदारसंघातून आठ वेळा विधानसभेवर निवडून आलेले आणि १९७७-७८ मध्ये काही महिने मुख्यमंत्री झालेले हे गृहस्थ ‘राजकारणातले संत’ म्हणून ओळखले जात. २००४ ते २०१४ अशी दहा वर्षे ते भोपाळचे खासदार होते. मुख्यमंत्रिपद जाऊनही त्यांची जीभ कडवट झाली नाही.

महाराष्ट्रातही या घडणीचा एक नमुना आपण पाहिलेला आहे. रामभाऊ म्हाळगी हे १९५७ साली मावळातून जनसंघाचे आमदार झाले, आणि १९७७ व १९८० मध्ये ठाण्याने त्यांना लोकसभेत पाठविले. आपण वर्षभरात काय काम केले याचा छापील अहवाल मतदारांपुढे ठेवण्याचा त्यांचा परिपाठ होता. सभागृहात त्यांची ख्याती गर्जनेची नव्हती, अभ्यासाची होती. प्रश्न विचारावयाचा तो आकडे घेऊन, आणि उत्तर मिळेपर्यंत पाठ सोडावयाची नाही. मंत्र्याला त्यांची धास्ती वाटे ती याच कारणाने. परंपरावादी राजकारणाने सार्वजनिक जीवनाला दिलेले हे खरे दान आहे, आणि आमच्यासारख्या त्या विचाराच्या टीकाकारांनीही ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

भोपाळचे दुसरे चित्र

आता त्याच भोपाळचे दुसरे चित्र पाहावे. ज्या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व कैलाश जोशी यांनी केले, तेथूनच २०१९ साली साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर उमेदवार झाल्या. मालेगाव येथील २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटाच्या प्रकरणात त्या आरोपी होत्या. तपास दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे यांच्याकडे होता आणि कोठडीत आपला छळ झाला असे त्यांचे म्हणणे होते. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने त्यांची आणि अन्य सहा आरोपींची निर्दोष मुक्तता केली, हेही येथे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. ज्या आरोपातून न्यायालयाने मुक्त केले तो आरोप पुनःपुन्हा उगाळणे हे आमच्या मते अनुचित आहे. आमचा मुद्दा वेगळाच आहे.

एप्रिल २०१९ मध्ये, प्रचाराच्या ऐन धामधुमीत, त्यांनी असे सांगितले की आपण करकरे यांना शाप दिला होता आणि त्यानंतर त्यांचा अंत झाला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या रस्त्यावर दहशतवाद्यांच्या गोळ्या झेलून मेलेल्या, अशोकचक्राने मरणोत्तर सन्मानित झालेल्या अधिकाऱ्याविषयीचे हे उद्गार होते. देशभर संताप उसळला, भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्यांच्या संघटनेने निषेध केला, पक्षाने ते त्यांचे व्यक्तिगत मत ठरविले आणि त्यांनी शब्द मागे घेतले. महिना उलटला नाही तोच नथुराम गोडसे देशभक्त होता असे त्यांनी म्हटले. आपण त्यांना मनापासून कधीच क्षमा करू शकणार नाही, अशा आशयाचे उद्गार खुद्द पंतप्रधानांनी काढले. तथापि भोपाळने त्यांना साडेतीन लाखांहून अधिक मतांनी निवडून दिले. आणि नोव्हेंबरात लोकसभेतही गोडसेसंबंधी पुन्हा तसाच प्रसंग घडला, तेव्हा त्यांना सभागृहात क्षमा मागावी लागली आणि संरक्षणविषयक सल्लागार समितीतून त्यांचे नाव काढण्यात आले. २०२४ च्या निवडणुकीत पक्षाने त्यांना उमेदवारी दिली नाही.

अन्याय झाला असे ज्याला वाटते त्याने तपासावर टीका करावी, न्यायालयात दाद मागावी, पुराव्यातील त्रुटी दाखवाव्यात; हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे. परंतु मेलेल्या माणसाला दिलेल्या शापाची फुशारकी मारणे हा वाद नव्हे. मरणाबरोबर वैर संपते, हा संकेत आपल्या समाजात इतका खोलवर रुजलेला आहे की खेड्यातील भाऊबंदकीचे दावेदारसुद्धा तिरडीला खांदा द्यावयास येतात. तोच संकेत परंपरेच्या नावाने मते मागणाऱ्या उमेदवाराने मोडावा, आणि लाखो मतदारांना त्याचे काही वाटू नये, यात केवळ एका व्यक्तीचा दोष नाही. भोपाळच्या पूर्वेस, भेलच्या कारखान्यापलीकडे रायसेन रस्त्यावर आनंद नगर ही वस्ती आहे. अशा वस्त्यांतील नोकरदार, दुकानदार, निवृत्त कामगार हेच या पक्षाचे घट्ट बळ. घरात मुलाने मेलेल्या शेजाऱ्याविषयी वाईट शब्द काढला तर हेच गृहस्थ त्याला दटावतील. तो नियम मतपेटीपाशी का लागू होत नाही, हा प्रश्न भोपाळच्या आनंद नगराइतकाच मडगाव, मालवण आणि रत्नागिरीच्या वस्त्यांनाही विचारावयाचा आहे.

वाद, जल्प आणि वितंडा

वस्तुतः वाद कसा करावा याचे शास्त्र ज्या देशाने सर्वांआधी रचले त्यांत आपला देश अग्रभागी आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा कोणताच पक्ष न मांडता दुसऱ्याचे केवळ खंडन करीत सुटणे ती वितंडा. दुसऱ्याच्या शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ लावणे याला ‘छल’ हे नाव आहे, आणि त्याचे जुने उदाहरण मोठे मार्मिक आहे. एकाने म्हटले, हा मनुष्य ‘नवकंबल’ आहे, म्हणजे याच्या अंगावर नवी कांबळी आहे. त्यावर दुसरा म्हणाला, याच्याजवळ नऊ कांबळी कोठे आहेत? आज दूरचित्रवाणीवर रात्री जे चालते त्यातील निम्म्याहून अधिक भाग या नऊ कांबळ्यांच्या हिशेबाचाच असतो. शास्त्रकारांनी पराभवाची बावीस निग्रहस्थाने मोजली आहेत. विषय सोडून भलतीकडे जाणे हेही त्यांपैकी एक आहे. या हिशेबाने आपले किती प्रवक्ते पहिल्या दोन मिनिटांतच पराभूत ठरतील!

शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांच्या वादाची कथा सर्वांना ठाऊक आहे. दोघांच्या गळ्यांत हार घालण्यात आले आणि ज्याचा हार आधी कोमेजेल तो हरला, असे ठरले. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. पण तिच्यातील मर्म खरे आहे. क्रोधाने अंग तापते, आणि तापलेल्या अंगावर फूल टिकत नाही. शिवाय तेथे न्यायासनावर कोण होते? मंडनमिश्रांचीच पत्नी. प्रतिपक्षाच्या घरातील माणसाच्या न्यायबुद्धीवर विश्वास ठेवणे ही वादाची केवढी मोठी पातळी आहे! परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ही परंपरा अडगळीत टाकून नळावरच्या भांडणाची रीत उचलावी, याला काय म्हणावे?

मराठी वादाचा वारसा

मराठी सार्वजनिक जीवनात या दोन्ही रीती पूर्वीपासून शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली निबंधमाला सुरू केली आणि मराठी गद्याला कधी नव्हे ते तेज आणले. स्वभाषा आणि स्वधर्म यांचा अभिमान त्यांनी जागविला, हे त्यांचे ऋण अमान्य करता येणार नाही. परंतु त्याच लेखणीने त्यांनी जोतीराव फुल्यांच्या मराठीची टर उडविली. भाषेतील दोष दाखविण्यात सारी शक्ती खर्च झाली आणि ‘गुलामगिरी’ने १८७३ साली विचारलेला मूळ प्रश्न तसाच राहिला. दीडशे वर्षांनंतर आज काय दिसते? ती टर वाङ्मयाच्या अभ्यासकांपुरती उरली, आणि फुल्यांचा प्रश्न अजून आपल्या दारात उभा आहे. उपहासाने प्रश्न मरत नाहीत, हा धडा परंपरावाद्यांनी तेव्हाच घ्यावयास हवा होता.

टिळक आणि आगरकर यांचे भांडण तर मराठी माणसाच्या घरोघरी पोचलेले. १८८१ साली ‘केसरी’ दोघांनी मिळून काढला, आगरकर त्याचे पहिले संपादक झाले, पुढे मतभेद वाढले आणि १८८८ मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ काढला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून दोन्ही बाजूंनी जे लिहिले गेले त्यात गोडवा फारसा नव्हता; आगरकरांची लेखणीही काही मवाळ नव्हती. तथापि टिळकांचा विरोध परक्या सरकारने कायद्याने सुधारणा लादण्याला होता. मुलींची लग्ने सोळा वर्षांच्या आधी करू नयेत अशी प्रतिज्ञा स्वेच्छेने करावी, असे त्यांनी १८९० मध्ये स्वतःच सुचविले होते. आपल्या मताची झळ आपण स्वतः सोसावयाची, असा तो पवित्रा होता. त्याच वर्षी पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल सनातन्यांनी ज्यांना ग्रामण्याच्या फेऱ्यात ओढले त्यांत रानडे होते आणि टिळकही होते. म्हणजे सनातन्यांच्या असहिष्णुतेचा चटका खुद्द त्यांच्या पुढाऱ्यालाही बसला.

या इतिहासाची काळी बाजूही झाकून ठेवता येत नाही. आगरकर जिवंत असताना पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. १८९५ च्या डिसेंबरात पुण्यास काँग्रेस भरली, तेव्हा तिच्या मंडपात सामाजिक परिषद भरवू देणार नाही असा हट्ट धरण्यात आला, मंडप जाळण्याची धमकीही निघाली, आणि तंटा टाळण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांनी परिषद अन्यत्र नेली. जमावाने त्या दिवशी वाद जिंकला असे कोणाला वाटले असेल, तर पुढच्या शंभर वर्षांनी त्याचे उत्तर दिले आहे. परंतु त्याच वर्षी जूनमध्ये आगरकर वारले तेव्हा ‘केसरी’त टिळकांनी जो मृत्युलेख लिहिला त्यात जुना स्नेह दाटून आलेला आहे, आणि १९०१ मध्ये रानडे गेले तेव्हाही प्रतिपक्षाच्या या थोर पुरुषाची योग्यता त्यांनी मुक्तकंठाने मान्य केली. भोपाळच्या शापापुढे हे मृत्युलेख ठेवून पाहावेत, म्हणजे आपण कोठून कोठे आलो ते कळेल.

गोड वाणी पुरेशी आहे काय?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सभ्य बोलणे म्हणजे योग्य बोलणे नव्हे. ग्वाल्हेरचे अटलबिहारी वाजपेयी हे परंपरावादी पक्षातील सर्वांत मोठे वक्ते. १९५७ साली ते बलरामपूरहून लोकसभेत आले. आपले बॅरिस्टर नाथ पै त्याच वर्षी राजापूरहून आले. दोघांची मते भिन्न, पण सभागृह त्यांना ऐकत असे. पंडित नेहरूंवर वाजपेयींनी वर्षानुवर्षे कठोर टीका केली. पण १९६४ च्या मे महिन्यात नेहरू गेले तेव्हा राज्यसभेत त्यांनी वाहिलेली श्रद्धांजली आजही आदराने आठवली जाते. १९७७ मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्यावर कार्यालयाच्या भिंतीवरील नेहरूंचे चित्र दिसेनासे झाले, तेव्हा त्यांनी चौकशी केली आणि ते पुन्हा लागले, ही हकिकत त्यांनी स्वतःच संसदेत सांगितली होती. १९९९ च्या एप्रिलमध्ये केवळ एका मताने त्यांचे सरकार पडले, तेही त्यांनी मान खाली न घालता आणि आवाज न चढविता स्वीकारले.

परंतु याच वाजपेयींचे १२ एप्रिल २००२ चे पणजीतील भाषण गोमंतकीय विसरलेले नाहीत. त्याच्या आठच दिवस आधी अहमदाबादेत त्यांनी राजधर्माची आठवण करून दिली होती. आणि पणजीत मात्र मुसलमानांविषयी अशी विधाने केली की देशभर टीका झाली व पुढे संसदेत खुलासा करावा लागला. वक्तृत्व तेच होते, विराम तेच होते; न्यायाचा काटा मात्र हलला होता. तेव्हा शब्दांच्या मार्दवावर भाळून जाऊ नये. गोड आवाजात सांगितलेला अन्याय हा अन्यायच असतो.

परदेशातही हेच दिसते. अमेरिकेतील परंपरावाद्यांचे वादपटू विल्यम बकले हे १९६६ पासून तीन दशकांहून अधिक काळ दूरचित्रवाणीवर चर्चेचा कार्यक्रम चालवीत आणि कट्टर विरोधकांनाही त्यात बोलावून तासभर बोलू देत. पण १९६८ च्या ऑगस्टमध्ये गोर व्हिडाल या लेखकाने त्यांना नाझींच्या पंक्तीस बसविताच त्यांचा तोल गेला, त्यांनी शिवी दिली आणि तोंडावर ठोसा मारण्याची भाषा केली. त्या एका क्षणाचा पश्चात्ताप त्यांना पुढे होत राहिला. परंतु प्रेक्षकांना आणि वाहिन्यांना गोडी लागली ती त्या क्षणाचीच! याउलट एडमंड बर्क पाहा. फ्रेंच राज्यक्रांतीचा हा कडवा टीकाकार. पण बंगालात जुलूम केल्याबद्दल वॉरन हेस्टिंग्ज या आपल्याच देशाच्या अधिकाऱ्यावर त्याने वर्षानुवर्षे महाभियोग चालविला. आपल्या माणसाच्या अपराधालाही परंपरेचा दंडक लावावयाचा असतो, हे त्याने दाखविले.

कसोटी

यावर असे म्हटले जाईल की, तुम्ही एकाच बाजूला धरता. शिवराळपणा काय फक्त परंपरावाद्यांनीच केला? मुळीच नाही. डिसेंबर २०१७ मध्ये मणिशंकर अय्यर यांनी पंतप्रधानांविषयी ‘नीच’ हा शब्द वापरला आणि काँग्रेसने त्यांना निलंबित केले; ती कारवाई योग्यच होती. सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेत चांद्रयानाच्या यशाची चर्चा चालू असताना रमेश बिधुरी यांनी दानिश अली यांना धर्मावरून शिव्या दिल्या. त्या कामकाजातून काढून टाकण्यात आल्या आणि संरक्षणमंत्र्यांना खेद व्यक्त करावा लागला. रोग दोन्हीकडे आहे. परंतु वैद्याने पथ्य मोडले तर लोक अधिक बोलणारच. संस्कार, मर्यादा, कुलाचार या शब्दांवर ज्यांनी आपले राजकारण उभारले, त्यांना इतरांचे उदाहरण पुढे करून सुटका करून घेता येणार नाही.

मग मतदाराने कसोटी कोणती लावावी? नेता खादी नेसतो की भगवे, त्याची राहणी साधी आहे की थाटाची, एवढ्याने निकाल लागत नाही. साधी राहणी हा चांगला आरंभ आहे, इतकेच. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला स्वतःलाही मान्य होईल अशा रीतीने तो मांडू शकतो काय? आपल्या बाजूचा माणूस चुकला तेव्हा त्याने तोंड उघडले होते काय? आकड्याला आकड्याने उत्तर देतो, की विचारणाऱ्याची जात आणि निष्ठा काढतो? आणि मेलेल्यांविषयी व दुबळ्यांविषयी तो कसा बोलतो? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की बाकीच्यांची फारशी गरजही उरत नाही.

न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि नंतर गावोगावच्या गणेशोत्सवांतून, ग्रंथालयांतून आणि देवळांच्या सभामंडपांतून व्याख्यानांची प्रथा कोकणपट्टीत सर्वत्र रुजली. त्या प्रथेचा एक साधा नियम होता: वक्ता विरोधी मताचा असला तरी त्याला पाट, पाणी आणि पूर्ण वेळ मिळे; प्रश्न नंतर विचारले जात. परंपरा राखावयाची इच्छा ज्यांना खरोखर आहे, त्यांनी आपल्या गावच्या मंडपात हा नियम आधी राखावा. येत्या उत्सवात आपल्या मताचे दोन वक्ते बोलावणाऱ्या मंडळाने तिसरा विरुद्ध मताचा बोलवावा आणि त्याचे भाषण संपेपर्यंत कोणी जागचे उठू नये. एवढे जमले, तर उमेदवार निवडण्याच्या दिवशीही आपली जुनी शिस्त आपल्याला आठवेल.